निरोप कुणाच्या हातात पडतो?

२०२० च्या जूनमध्ये शाळांची कुलुपे निघाली नाहीत. अभ्यास मोबाइलवर येऊ लागला. सोलापूर शहरातल्या नीलमनगर भागात मात्र त्या वर्षी घरांच्या भिंती रंगू लागल्या. आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरमालकांची परवानगी घेऊन भिंतींवर धडे रंगवून घेतले. अक्षरे, अंक, व्याकरणाचे नियम, गणिताची सूत्रे अशा सुमारे तीनशे भिंती तयार झाल्या. शाळेचे सतराशेच्या आसपास विद्यार्थी याच परिसरातले. बहुतेकांचे आईवडील कापड उद्योगात तुटपुंज्या मजुरीवर राबणारे. एका घरात एक साधा फोन असला, तरी तो कामावर जाणाऱ्याच्या खिशात जायचा. मुले अंतर ठेवून गल्लीत उभी राहत आणि भिंतीवरचे वाचून वहीत उतरवून घेत. या भिंतींची दखल परदेशी वृत्तसंस्थांनीही घेतली.

माहिती तंत्रज्ञानाच्या साधनांविषयीच्या लेखाची सुरुवात रंगाच्या डब्यापासून करण्याला कारण आहे. नीलमनगरच्या शिक्षकांनी जो प्रश्न आधी सोडवला, तोच प्रश्न ॲप बनवणारे, ग्रुप चालवणारे आणि परिपत्रके पाठवणारे बहुधा शेवटी विचारतात: ज्याला निरोप द्यायचा आहे, त्याच्या हातात आत्ता नेमके काय आहे? स्मार्टफोन आहे की साधा फोन? नेटपॅक आहे का? तो वाचू शकतो का, आणि कोणत्या भाषेत? फोन दिवसा घरात असतो की रात्री आठनंतर येतो? याची उत्तरे मिळाल्यावरच साधन निवडता येते. नीलमनगरात त्या दिवसांत साधन भिंत हेच होते.

महाराष्ट्रात त्याच वर्षी इतरही उत्तरे शोधली गेली. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद... पण शिक्षण आहे' या नावाने रोजची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून पाठवली. सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, कारण नेट नसलेल्या कितीतरी घरांत टीव्ही होता. पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर 'बोलकी शाळा' नावाने ध्वनिक्षेपक फिरले. आधी ध्वनिमुद्रित केलेले धडे त्यावर लागायचे आणि मुले मोकळ्या जागी बसून ऐकायची. देशभराचे चित्र 'असर' या सर्वेक्षणात दिसले. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. वाढ मोठीच आहे. तरी दहांतली जवळपास चार मुले बाहेर राहिली, आणि घरात फोन असणे म्हणजे तो मुलाच्या हाती असणे नव्हे.

सोलापूर जिल्ह्यातच, माढा तालुक्यात, परितेवाडी हे छोटे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत २००९ मध्ये रणजितसिंह डिसले शिक्षक म्हणून आले. बार्शीचे हे तरुण गृहस्थ अभियांत्रिकीत जम न बसल्याने अध्यापनाकडे वळले होते. शाळेची इमारत मोडकळीला आलेली, एका बाजूला गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला कोठार. अशा ठिकाणी संगणक आणून ठेवला, की बातमी होते आणि पुढे त्यावर धूळ बसते. डिसले गुरुजींनी वाट वेगळी धरली. प्रत्येक मुलाच्या दप्तरात हमखास असणारी वस्तू म्हणजे पाठ्यपुस्तक. त्यांनी त्या पुस्तकालाच क्यूआर कोड जोडले. पालकांचा किंवा शिक्षकांचा फोन कोडवर धरला की कविता चालीत ऐकू येते, धड्याची चित्रफीत दिसते, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडतो.

कल्पना एका शाळेपुरती राहिली नाही. प्रस्ताव गेला, प्रायोगिक तत्त्वावर वापर झाला आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे जाहीर केले. २०१८ मध्ये केंद्रानेही 'एनसीईआरटी'च्या पुस्तकांसाठी तशीच घोषणा केली. ३ डिसेंबर २०२० रोजी वार्की फाउंडेशनचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार डिसले गुरुजींना मिळाला. १४० देशांतून बारा हजारांहून अधिक नामांकने आली होती. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ही बातमी महाराष्ट्रातल्या घरोघरी पोचली. तो चौकोनी ठिपक्यांचा कोड पुस्तकासाठी इतका योग्य का ठरला, हे मात्र फारसे कुणी उलगडून सांगितले नाही.

क्यूआर कोड जन्मला तो जपानमध्ये, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या गरजेतून. तिथे खोक्यांवर उभ्या रेघांचे बारकोड असत. एका बारकोडमध्ये जेमतेम वीस अक्षरे मावत, म्हणून एकेका खोक्यावर अनेक बारकोड लावावे लागत आणि कामगार दिवसभर ते वाचत बसत. डेन्सो कंपनीतले अभियंते मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये यावर उपाय काढला. माहिती आडवी साठवायची तशीच उभीही साठवायची. त्यामुळे एकाच चौकोनात सात हजारांवर अंक मावू लागले.

अवघड भाग पुढचा होता. छापलेल्या कागदावरच्या गर्दीत कोड कुठे आहे, हे यंत्राला क्षणात कसे कळावे? हारांच्या गटाने पत्रके, मासिके, पुठ्ठ्याची खोकी असे नाना तऱ्हेचे छापील साहित्य तपासले आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कोणते प्रमाण छपाईत सर्वांत कमी आढळते ते शोधले. उत्तर आले १:१:३:१:१. कोडच्या तीन कोपऱ्यांत जे चौकोनात चौकोन दिसतात, त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ ओढली तरी हेच प्रमाण मिळते. म्हणून फोन तिरका धरा, उलटा धरा, कॅमेऱ्याला तीन कोपरे सापडतात आणि कोड कुठून सुरू होतो हे समजते.

दुसरी करामत चुका सुधारण्याची. माहितीसोबत काही जादा अंक गणिताने काढून कोडमध्ये भरलेले असतात. ही पद्धत १९६० मध्ये अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी मांडली. सीडीवर चरे पडूनही गाणे वाजते ते याच पद्धतीमुळे. क्यूआर कोडमध्ये तिच्या चार पातळ्या असतात आणि सर्वांत वरच्या पातळीला सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर परत मिळवता येतो. कारखान्यातल्या तेलाच्या डागांसाठी केलेली ही सोय दुसरीतल्या मुलाच्या दप्तरातही कामी आली. तिथेही पान दुमडते, डब्यातली भाजी सांडते. शिवाय डेन्सोने पेटंट असूनही या कोडच्या वापरावर शुल्क लावले नाही. पुस्तक छापताना कोडला वेगळा खर्च येत नाही, तीच शाई आणि तोच कागद. गरीब शाळेपर्यंत पोचणाऱ्या तंत्रज्ञानात हे दोन गुण असावेच लागतात: ते मळले तरी चालावे आणि त्याचे भाडे भरावे लागू नये.

राज्यांच्या पुस्तकांतले कोड पुढे 'दीक्षा' या राष्ट्रीय मंचाला जोडले गेले. ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षक दिनी, हा मंच सुरू झाला. त्यात एक बारीक पण फार शहाणपणाची सोय आहे. कोडच्या खाली सहा अक्षरांचा संकेत छापलेला असतो. कॅमेरा फुटलेला असला तरी तो संकेत टंकून धडा उघडता येतो. आणि कोड छापला की पुस्तक बदलत नाही, पण कोडमागचे साहित्य बदलता येते, वाढवता येते. एकदा नेट असलेल्या ठिकाणी उतरवून घेतलेला धडा नंतर नेटशिवाय पाहता येतो. तालुक्याच्या गावी बाजाराला गेलेल्या पालकाने धडा उतरवून आणावा आणि मुलाने तो घरी पाहावा, हे त्यामुळे शक्य होते.

चित्रफीत की ध्वनिफीत, हा निर्णयही पैशांशी जोडलेला आहे. बोलण्याचा आवाज ६४ किलोबिट वेगाने साठवला तर एका मिनिटाला साधारण अर्धा एमबी लागतो. बेताच्या दर्जाच्या चित्रफितीला त्याच्या कितीतरी पट. कविता शिकवायची असेल तर चित्र लागतेच असे नाही, पण हृदयाचे कप्पे समजावायचे असतील तर लागते. हा विवेक न करता सरसकट चित्रफिती पाठवणारा शिक्षक मजुराच्या रिचार्जमधून खर्च करत असतो.

आता थोडे सोलापूरबाहेर पाहू. आफ्रिकेतल्या बोत्सवाना देशात कोविडच्या काळात एक मोठा प्रयोग झाला. नोम अँग्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेचार हजारांवर कुटुंबे निवडली. काहींना आठवड्याला गणिताची उदाहरणे एसएमएसने पाठवली. काहींना एसएमएस पाठवून शिवाय शिक्षकांनी फोनही केला आणि पालक व मूल दोघांशी वीसेक मिनिटे बोलून उदाहरण सोडवून घेतले. स्मार्टफोन कुणालाच लागला नाही. २०२२ मध्ये 'नेचर ह्युमन बिहेवियर'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना फोन आला त्या मुलांची गणितात स्पष्ट प्रगती दिसली, नुसत्या एसएमएसचा परिणाम नगण्य होता. मजकूर दोघांनाही तोच मिळाला होता. फरक पडला तो पलीकडून कुणीतरी 'तुला कळलं का?' असे विचारण्याने. परितेवाडीतही कोड पुस्तकात चिकटवून शिक्षक बाजूला झालेले नव्हते. कोडमागचा धडा त्या वर्गाला ओळखणाऱ्या माणसाने निवडलेला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर विचारणारा तोच माणूस होता.

एसएमएसचा विषय निघालाच आहे तर मराठीत निरोप पाठवणाऱ्या प्रत्येक शाळेला, ग्रामपंचायतीला आणि पतसंस्थेला ठाऊक हवी अशी एक गोष्ट सांगायला हवी. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरीत मावतात फक्त ७०. कारण असे की रोमन अक्षराला सात बिट पुरतात, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात आणि एसएमएसची एकूण जागा ठरलेली आहे. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. 'सोलापूर' डोळ्यांना चार अक्षरी दिसते, पण फोन त्यात सात चिन्हे मोजतो. 'उद्या सकाळी नऊ वाजता शाळेत पालकसभा आहे' एवढ्या निरोपात ३८ चिन्हे खर्ची पडतात, म्हणजे निम्म्याहून जास्त जागा गेली. त्याआधी 'सर्व सन्माननीय पालकांना कळविण्यात येते की' असे लावले, की एका एसएमएसचे दोन होतात आणि पैसेही दोनाचे जातात. साध्या फोनच्या छोट्या पडद्यावर तर तारीख आणि वेळ दिसायच्या आधीच पालक फोन ठेवून देतो. मराठीत निरोप देणाऱ्याने मुद्दा पहिल्या ओळीत आणायला हवा. कधी, कुठे, काय आणायचे, एवढे आधी. सन्मान नंतरही करता येतो.

फॉन्टची कथा याहून जुनी आणि त्रासाची. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, आणि तरीही कितीतरी वर्षे कार्यालयांतली पत्रे कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकली गेली. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर हे पडद्यावरचे रूप असते, आत साठवलेले असते रोमन चिन्ह. फॉन्ट नसलेल्या फोनवर तो मजकूर नेला की अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. मग उपाय म्हणून कागद छापायचा, त्याचा फोटो काढायचा आणि तो ग्रुपवर टाकायचा. असा फोटो सहज शोधता येत नाही, मोठ्या अक्षरांत नीट वाचता येत नाही आणि अंध व्यक्तीचा फोन तो सहजी वाचून दाखवू शकत नाही. युनिकोडमध्ये टंकलेली चार वाक्ये या सगळ्या अडचणी एका झटक्यात दूर करतात. सरकारी सूचनांचे फोटो फिरवण्याची सवय मोडणे हे मराठीतल्या संवादाचे मोठे आणि अगदी बिनखर्चाचे काम आहे.

आतापर्यंत निरोप न पोचण्याबद्दल बोलणे झाले. निरोप फार वेगाने, फार दूर आणि चुकीचा पोचतो तेव्हा काय होते, याची सर्वांत भीषण आठवणही सोलापूर जिल्ह्याशीच जोडलेली आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले पाच जण तिथे आले होते, त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. पोट भरण्यासाठी गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा जीवनक्रम. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून पसरल्या होत्या. जमावाने या पाच जणांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठार मारले. त्यांच्यापैकी कुणीही मूल पळवलेले नव्हते.

त्या वर्षी देशभर अशा घटना घडल्या. तेव्हा फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीतल्या जनजागृतीपटातून आली होती. मूळ चित्रफितीत दुचाकीवरचे दोघे रस्त्यावरचे मूल उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात. मग फलक दाखवून सांगतात की मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. फिरताना शेवटचा भाग कापला गेला आणि पालकांना सावध करणारा निरोप परक्या माणसाविरुद्धचा पुरावा बनला. चित्र खरेच होते. कुठले, कधीचे आणि कशासाठी केलेले, एवढेच कापले गेले होते.

त्यानंतर व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्येच पुढे पाठवलेल्या निरोपावर 'फॉरवर्डेड'ची खूण आणली आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले, आणि अशा निरोपांचे फिरणे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. यातून एक गोष्ट दिसते. अफवा पसरवण्यात द्वेषाइतकाच वाटा हाताच्या सहजतेचा असतो. एक बोट जास्त चालवावे लागले तरी अनेक जण थांबतात. दोन बाणांची खूण दिसली की हा निरोप पाठवणाऱ्याचा स्वतःचा नाही, अनेक हातांतून आलेला आहे, एवढे प्रत्येक फोनवाल्याला माहीत असणे आवश्यक आहे. हे शाळेत शिकवायला हवे, पहिलीच्या पालकसभेपासून.

शाळेचा किंवा गावाचा ग्रुप चालवणाऱ्यांवरही यातून जबाबदारी येते. जिथे रोज सकाळी शंभर शुभेच्छा येतात, तिथे पाणी कधी येणार, लसीकरण कुठे आहे, हा निरोप गाडला जातो. फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे. सूचनांसाठी असा एक ग्रुप आणि गप्पांसाठी दुसरा, एवढी विभागणी केली तरी सूचना गर्दीत हरवत नाही. आणि अफवा आली तर तिचे खंडन त्याच ग्रुपवर, ओळखीच्या नावाने आणि ताबडतोब व्हावे लागते. ते सरपंच, ग्रामसेवक, आशाताई किंवा गुरुजी यांच्या स्वतःच्या आवाजात आले तर लोक ऐकतात, कारण तो आवाज त्यांच्या ओळखीचा असतो.

आवाजाचे हे बळ सोलापूरच्या शेजारीच दिसते. सातारा जिल्ह्यात म्हसवडला २००८ पासून 'माणदेशी तरंग वाहिनी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालते. दुष्काळी माणदेशातल्या बायका तिथे आपल्याच बोलीत बोलतात आणि ऐकतात. वाचता न येणाऱ्या आजीलाही रेडिओ कळतो, व्हॉट्सॲपवरचा व्हॉइस मेसेजही कळतो. सोलापूरसारख्या जिल्ह्यात आवाजाचे महत्त्व आणखी वाढते, कारण इथे एका निरोपाला अनेक भाषा लागतात. शहराच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड. शहरात उर्दूही मोठ्या प्रमाणावर. बालभारती पाठ्यपुस्तके आठ भाषांत काढते, त्यात कन्नड, तेलुगू आणि उर्दू आहेत. शाळेतले पुस्तक आठ भाषांत आणि पालकांसाठीची सूचना एकाच भाषेत, ही तफावत भरून काढायला मोठी यंत्रणा लागत नाही. अक्कलकोटच्या एखाद्या शाळेतल्या बाईंनी पालकसभेची सूचना मराठीत टंकावी, तीच कन्नडमध्ये वीस सेकंदांच्या व्हॉइस मेसेजमध्ये सांगावी, आणि ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्या पाच-सात घरांना स्वतः फोन करावा. मूल शाळेत घालताना कोणत्या घरी कोणता फोन आहे, तो दिवसा कुणाकडे असतो आणि घरात कोणती भाषा बोलतात, हे तीन रकाने हजेरीपटाच्या मागच्या पानावर आखून ठेवले, तर वर्षभराच्या प्रत्येक निरोपासाठी ते उपयोगी पडतात.